परसांतल्या बागेचा आरंभ

भाटघरचा तलाव भाद्रपद-आश्विनांत जो पाहतो, त्याला येथें बाग करणाऱ्यास पाण्याची चिंता ती काय, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. पुण्याहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, भोर शहराच्या जवळ, वेळवंडी नदीवर हें धरण उभें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें पहिलें धरण झालें. त्याच्या पाण्यास इंजिनिअराच्या नांवावरून व्हायटिंग सरोवर म्हणत. पुढें नीरेच्या कालव्यांना तें पाणी पुरेसें होईना, तेव्हां त्याहून पुष्कळ मोठें असें लॉईड धरण बांधण्यांत आलें व १९२८ सालीं तें पुरें झालें. आज या जलाशयाला येसाजी कंक यांचें नांव असून त्यांत सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें. एवढा सांठा दाराशीं असतां दोन वाफे मेथीचे व चार वेल दोडक्याचे वाढवावयास कितीसें पाणी लागणार, हा नवख्याचा पहिला हिशेब, आणि तोच पहिल्यानें चुकतो.

कारण हें पाणी येथल्या परसाचें नव्हे. तें नीरेंतून वीर धरणाकडे व तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातें. तिकडल्या उंसाचा जीव त्यावर आहे. उन्हाळा सरतां सरतां तलाव इतका खालीं उतरतो कीं, एरवीं पाण्यांत बुडालेलें कांबरे येथील कांबरेश्वराचें देऊळ उघडें पडतें आणि लोक पायीं चालत दर्शनास जातात. ज्या खोऱ्यांतील भाताच्या जमिनी या पाण्याखालीं गेल्या, त्याच खोऱ्यांतल्या कित्येक उंचवट्यावरच्या वाड्यांना चैत्र-वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं पायपीट करावी लागते. घर चढावर, पाणी दरींत, आणि तेंही दिवसेंदिवस दूर सरकणारें. अशा ठिकाणीं परसांत ओतलेल्या प्रत्येक बादलीचा जाब बहुधा घरांतल्या बाईला द्यावा लागतो, कारण ती बादली आणणारी तीच असते. म्हणून सुटीपुरतें घर बांधणारा पुणेकर असो वा गांवांतच नव्यानें संसार मांडलेलें जोडपें असो, त्यानें कुदळ हातीं घेण्यापूर्वीं पाण्याचा जमाखर्च मांडावा.

हा जमाखर्च मुळींच अवघड नाहीं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भर उन्हाळ्यांत भाजीचा वाफा पानांवाटे व मातीवाटे दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी हवेंत सोडतो. थंडींत हेंच मान चारावर येतें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. म्हणजे मार्गशीर्षांत तिला रोज सदतीस-अडतीस लिटर, पण वैशाखांत पासष्ट ते पंचाहत्तर लिटर पाणी हवें. पंधरा लिटरांच्या बादलीनें मोजलें तर थंडींत अडीच बादल्या व उन्हाळ्यांत साडेचार ते पांच. इतकें पाणी रोज, एकही दिवस न चुकतां, देण्याची सोय असेल तर बारमाही भाजीची गोष्ट बोलावी. नसेल तर आठ महिन्यांची बाग करावी व उन्हाळ्यांत जमिनीला स्वस्थ पडूं द्यावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. येथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तेंच करीत आला आहे.

मात्र घरांतलें एक पाणी असें आहे कीं, जें उन्हाळ्यांतही रोज मिळतें, आणि तें म्हणजे मोरीचें सांडपाणी. जुन्या घरांच्या मोरीमागें केळ, अळू आणि कर्दळ हीं तीन झाडें हटकून असत. तीं तेथें शोभेसाठीं लावलेलीं नव्हतीं; पाणी साचून डास होऊं नयेत आणि तें वायां जाऊं नये, या दोन्ही गोष्टी तीं एकाच वेळीं साधीत. चार माणसांच्या घरांत आंघोळीचें व भांडीं विसळण्याचें मिळून दिवसाला शंभर-दीडशें लिटर पाणी सहज निघतें. तें एका उथळ चरांतून, तळाशीं खडी व वर वाळू घालून, केळीच्या आळ्यांत सोडलें म्हणजे एक मोठा भार उतरतो. कपड्यांच्या साबणाचें व सोड्याचें पाणी मात्र वेगळें काढावें; त्यांतील क्षार मातींत सांठून तिचा पोत बिघडवितात. तसेंच कोथिंबीर, मुळा, काकडी असें जें कच्चें खावयाचें, त्यावर सांडपाणी कधींच घालूं नये. अळू शिजल्यावांचून कोणी खात नाहीं, त्यामुळें त्याला तें चालतें.

येथें सुटीच्या घराविषयीं थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. शनिवारीं येऊन रविवारीं परतणाऱ्यानें भाजीपाल्याचा नाद सोडावा हें बरें. आठवड्याची तहान एका दिवसांत भागवितां येत नाहीं, आणि मालक पुण्यांत कामांत होता हें टोमॅटोच्या रोपाला कळत नाहीं. अशानें शेवगा, लिंबू, कढीलिंब, फणस, जांभूळ हीं झाडें पावसाच्या आरंभीं लावावीं, पहिले दोन उन्हाळे त्यांना जगवावें, आणि मग निश्चिंत असावें. जगविण्याची जुनी युक्ति अशी कीं, झाडाच्या आळ्यांत चकाकी न दिलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. मडक्याच्या अंगांतून पाणी पाझरतें तें मुळांना लागेल तेवढेंच; वरची माती कोरडी राहत असल्यानें तण उगवत नाहीं व उन्हानें पाणी उडत नाहीं.

पाण्यानंतर उन्हाचा विचार. पालेभाजीला चार-पांच तास व फळभाजीला सहा तास तरी थेट ऊन हवें. डोंगराच्या कुशींतल्या घरांना पश्चिमेचें ऊन लवकर जातें, म्हणून सकाळचें ऊन जेथें पडतें ती बाजू निवडावी. ऋतूप्रमाणें सावली कशी फिरते हें मात्र पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. भाटघरच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळें त्या दिवसांत घराच्या उत्तरेसही ऊन येतें. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे इतका कलतो कीं, दहा फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीं उत्तरेस जवळजवळ नऊ फूट पडते. मे महिन्यांत लख्ख उजेडाची म्हणून निवडलेली जागा ऐन हंगामांत, म्हणजे थंडींत, सर्व दिवस गारठ्यांत बसलेली आढळते ती याच कारणानें. वाफा शक्यतों घराच्या पूर्वेस किंवा दक्षिणेस असावा.

आतां माती. उतारावर येथें तांबूस, मुरमाड आणि उथळ माती मिळते. खालीं भातखाचरांकडे ती काळसर व चिकट होते. आपल्या परसांत काय आहे हें पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. कांचेच्या बरणींत एक-तृतीयांश माती व बाकी पाणी घालून ती खूप हालवावी आणि रात्रभर तशीच ठेवावी. सकाळीं तळाशीं वाळू, तिच्यावर गाळ व सर्वांत वर चिकणमाती असे थर वेगळे दिसतात. दुसरी परीक्षा पाण्याच्या निचऱ्याची. फूटभर खोल खड्डा पाण्यानें भरावा, तें जिरल्यावर पुन्हां भरावा. दुसऱ्यानें भरलेलें पाणी कांहीं तासांत गेलें तर ठीक. सकाळपर्यंत तसेंच राहिलें तर त्या जागीं सपाट वाफ्यांत पावसाळ्याचें पीक हातीं लागणार नाहीं. तेथें तीन फूट रुंद आणि सहा ते नऊ इंच उंच असा गादीवाफा करावा. तीन फुटांचें कारण एवढेंच कीं, दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो व मातीवर पाय द्यावा लागत नाहीं. पायाखालीं एकदां दडपलेली माती मोकळी व्हावयास वर्ष लागतें. पावसाळ्यांत वाफा उंच आणि उन्हाळ्यांत तोच जमिनीच्या पातळीहून जरा खोलगट, हा नियम ध्यानीं ठेवला म्हणजे पुष्कळसें साधतें.

तलाव आटल्यावर उघडा पडणारा गाळ पाहून अनेकांना मोह होतो. धरणांचा गाळ शेतांत पसरण्यासाठीं महाराष्ट्रांत २०१७ पासून सरकारी योजनाही आहे. आणि उथळ मुरमाड जमिनीला त्याचा उपयोग होतो यांत शंका नाहीं. पण नुसता गाळ वाफ्यांत वा कुंडींत भरला तर तो वाळतांच दगडासारखा होऊन भेगाळतो. एक भाग गाळ, एक भाग घरची मुरमाड माती आणि एक भाग कुजलेलें खत असें मिश्रण करावें.

भोर-वेल्ह्याच्या बाजूस उन्हाळ्यांत धूर दिसतो तो राबाचा. भाताचें रोप टाकावयाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या कापलेल्या फांद्या व वर माती असे थर देऊन ते पेटवितात, यालाच राब भाजणें म्हणतात. सह्याद्रीच्या पायथ्याची ही फार जुनी रीत आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी यांनीं १९१२ सालीं तिच्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला होता. भाजल्यानें तणाचें बीं मरतें, आणि तापलेल्या मातींत अडकून राहिलेलीं अन्नद्रव्यें सुटीं होतात. त्यामुळें रोप जोमदार उगवतें. ही रीत अडाणीपणाची म्हणून हंसण्यासारखी खास नाहीं. पण ती पाहून आपल्या परसांतला पाला पेटवून देणारा नवखा बागवान मात्र सोनें जाळतो. मूठभर राखेसाठीं टोपलीभर खत गमावणें हा व्यवहार घरगुती बागेस परवडत नाहीं. तणाचाच जाच असेल तर वैशाखांत वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणावा, कडा मातीनें दाबाव्या व चार ते सहा आठवडे तसाच राहूं द्यावा. आंतली माती उन्हानें इतकी तापते कीं, वरच्या दोन-तीन इंचांतलें बरेंचसें बीं व कांहीं रोगजंतु मरून जातात. धूर नाहीं, आणि पालाही वांचतो.

त्या पाल्याचें खत करण्याची रीत इंदूरला बसून अल्बर्ट हॉवर्ड यांनीं बारकाईनें बसविली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ सालीं ग्रंथरूपानें जगापुढें ठेवली. तिचें मर्म घरच्या घरीं एवढेंच: हिरवें व ओलें एक टोपलें, तर वाळलेलें व तपकिरी दोन-तीन टोपलीं, ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी, आणि अधूनमधून उलथापालथ, म्हणजे आंत हवा खेळते. ढीग बेताचा मोठा, तीन फूट तरी लांब-रुंद-उंच, असला तर त्याच्या पोटांत साठ अंशांपर्यंत उष्णता चढते व तीन-चार महिन्यांत काळें, मोकळें, मातीच्या वासाचें खत तयार होतें. घाण वास आला तर समजावें कीं ओलें फार झालें. वाळका पाला घालावा. पुस्तकांतून खड्डा करावा असें सांगितलेलें असतें, पण या बाजूच्या पावसांत खड्ड्याची विहीर होते. येथें ढीग उंचवट्यावर असावा व आषाढ-श्रावणांत त्यावर छप्पर असावें. ताजें शेण वाफ्यांत कधींच घालूं नये. त्याच्या उष्णतेनें मुळें पोळतात, आणि त्यांतून येणारी हुमणी, ती पांढरी वळलेली अळी, सारा वाफा जमिनीखालून कुरतडून टाकते.

बाग कधीं सुरू करावी या प्रश्नावर बहुतेक सर्वजण मृगाचें नांव घेतील. मृग शेतकऱ्याचा मुहूर्त आहे. नवख्याचा तो नव्हे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या भागांत ऊन कमी, पाऊस फार व तण अफाट. कोवळी पालेभाजी पावसाच्या माऱ्यानें आडवी होते, टोमॅटोचें रोप मुळाशीं कुजतें, आणि पहिल्याच प्रयत्नांत हात पोळलेला मनुष्य बागेचें नांव टाकतो. पावसाळ्यांत वेल लावावे: दोडकें, काकडी, कारलें, पडवळ, भोपळा. बळकट मांडवावर चढविले म्हणजे त्यांचीं पानें वाऱ्यावर सुकतात आणि फळें चिखलांत लोळत नाहींत. भाजीच्या वाफ्याचा आरंभ मात्र दसऱ्यास करावा. माती तेव्हां आंतून ओली, वरून उबदार असते. रोगराई कमी होत जाते, आणि पुढें चार महिने हवा अनुकूल असते.

पहिलें पीक मेथीचें असावें. ती तीन ते पांच दिवसांत उगवते व महिन्याच्या आंत काढावयास येते. नवख्याला इतक्या लवकर दुसरें कोणतेंही पीक धीर देत नाहीं. वाण्याकडील मेथ्याही चालतात. पंचवीस चौरस फुटांस दोन-तीन लहान चमचे पुरेत. चार-चार बोटांच्या अंतरावर ओळींत पेरावें. बीं किती खोल टाकावें, तर त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट, अधिक नाहीं. सारी जागा एकाच दिवशीं पेरूं नये, नाहींतर महिन्यानें पांच दिवस मेथीच मेथी आणि मग पुन्हां बाजार. जागेचे चार भाग करून दर आठ-दहा दिवसांनीं एकेक पेरावा. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून त्यांच्या दोन फांका कराव्या. ते आठ ते बारा दिवस घेतात, आणि याच दिवसांत उगवलें कां म्हणून माती उकरून पाहणारे पुष्कळ कोंब मोडून ठेवतात. पालक व मुळा त्यानंतर. वांगीं, टोमॅटो, मिरची यांचें बीं भाद्रपदांत आडोशाच्या लहान वाफ्यांत टाकून चार ते सहा आठवड्यांचीं रोपें संध्याकाळच्या वेळीं लावावीं व लागलीच पाणी द्यावें. मेलेल्या रोपांच्या जागीं नांगे भरावयास दहा-वीस रोपें मागें राखावीं. दाट उगवलें तर विरळणी करतांना हात आंखडतो, पण तेथें दया कामाची नाहीं. दोन इंचांवर दोन मुळे ठेवले तर दोन्ही बोटाएवढेच राहतात.

पेरणी झाली कीं ओळींमधील उघडी माती वाळक्या पाल्यानें दोन बोटें झांकावी. या आच्छादनानें पाण्याची बचत किती होते हें पाहावयाचें तर दोन शेजारच्या वाफ्यांपैकीं एकच झांकून तिसऱ्या दिवशीं दोन्हींत बोट घालून पाहावें.

शहरांत ज्यांना परसच नाहीं त्यांची अडचण निराळी. गच्चीवर माती भरणाऱ्यानें आधीं वजनाचा विचार केला पाहिजे. ओल्या मातीचा एक घनफूट पंचेचाळीस-पन्नास किलो भरतो, आणि पाझरणाऱ्या पाण्यानें स्लॅबची काय दशा होते तें खालच्या मजल्यावरील शेजारी सांगतातच. मुंबईत डॉ. रमेश दोशी यांनीं उसाच्या चिपाडांवर, अगदीं थोड्या मातींत, गच्चीवरची शेती करून दाखविली ती याच अडचणींतून वाट काढण्यासाठीं. त्यांच्याही आधीं कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनीं ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारें सामान्य शेतकऱ्यांना आणि गृहिणींना पानांचें क्षेत्रफळ, पाण्याचें माप व मातीचा कस आपल्या डोळ्यांनीं मोजावयास शिकविलें. २००१ सालीं ते वारले. त्यांची एक संवय नवख्यानें जरूर उचलावी, आणि ती म्हणजे वही. कोणतें बीं कोणत्या तारखेस पेरलें, केव्हां उगवलें, किती बादल्या पाणी दिलें, केव्हां काढलें, एवढ्या चार ओळी. दुसऱ्या वर्षीं हीच वही छापील पुस्तकांहून अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यांतला पाऊस व माती आपल्या परसाची असते.

शत्रूंविषयीं थोडक्यांत. मावा व कोवळ्या अळ्या यांवर लिंबोळीचा अर्क पुरतो: पन्नास ग्रॅम वाळल्या निंबोळ्यांचा गर कुटून लिटरभर पाण्यांत रात्रभर भिजवावा, फडक्यानें गाळावा व संध्याकाळीं पानांच्या खालच्या बाजूसही फवारावा. उन्हांत फवारला तर त्याचा गुण उडून जातो. डोंगराकडल्या घरांना वानरांचा व रानडुकरांचा उपद्रव होतो, त्याला असा अर्क नाहीं. वानरें अळू, हळद व आलें यांना सहसा तोंड लावीत नाहींत. ज्यांच्याकडे टोळी रोजची आहे त्यांनीं कुंपणाबाहेरच्या बाजूस हींच लावावीं व कोवळ्या शेंगांचे वाफे घराच्या भिंतीलगत, माणसांच्या वावरांत ठेवावे.

फाल्गुनांत बाग उतरूं लागते. तेव्हां चवळीच्या व घेवड्याच्या वेलावरच्या सर्वांत चांगल्या शेंगा न तोडतां वाळूं द्याव्या आणि एक भोपळा पुढच्या सालासाठीं राखून ठेवावा. बाजारांतून आणलेल्या संकरित जातींचें बीं मात्र धरूं नये. पुढच्या पिढींत त्याचा गुण टिकत नाहीं. दाणे सावलींत कडकडीत वाळवावे, चुलीच्या चाळलेल्या राखेंत घोळून कांचेच्या बाटलींत भरावे, बुच घट्ट लावावें, आणि बाटलीवर जात व तारीख लिहून ती कोरड्या फडताळांत ठेवावी.